फाडलेल्या अर्जाची नक्कल

परदेशी विद्यार्थी कल्याण अधिकारी अशी पाटी माझ्या दारावर लागली तेव्हा माझ्याकडं पासपोर्टसुद्धा नव्हता. मी पाहिलेला सगळ्यात लांबचा मुलूख म्हणजे विजापूर, आणि तिथंही गोल घुमटात एक हाळी देऊन मी संध्याकाळच्या गाडीनं परत आलो होतो. साताऱ्याजवळच्या एका खासगी कॉलेजात मी कार्यालयीन अधीक्षक होतो. आफ्रिकेतली पोरं घ्यायची असं संस्थेनं ठरवलं, त्यांच्यासाठी एक कक्ष पाहिजे असं वरून आलं, आणि तो कक्ष कुणाला द्यायचा हे ज्या बैठकीत ठरलं त्या बैठकीला मी उशिरा पोचलो. मला बसायला खुर्ची उरली नव्हती, म्हणून कक्ष मिळाला.

हे काम काय असतं ते आधी सांगतो, कारण आमच्या घरच्यांनाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. बायकोला वाटायचं मी इंग्रजी शिकवतो. परदेशी पोरगं कुणाच्या खोलीत राहायला आलं की घरमालकानं चोवीस तासांत पोलिसांना कॉम्प्युटरवरून कळवायचं असतं. घरमालकांना ते जमत नाही, म्हणून ते मी भरायचो. मग पोलीस अधीक्षक कार्यालयातली नोंदणी, व्हिसाची मुदत, बँकेचं खातं, खोली, मेस, ताप, भांडण. थोडक्यात, पोरगं विमानातून उतरल्यापासून परत विमानात बसेपर्यंत त्याला कागदावर जिवंत ठेवायचं. कागदावर मी सगळ्यांना जिवंत ठेवलं.

पहिल्या तुकडीला आणायला मी पुण्याच्या विमानतळावर हार घेऊन गेलो होतो. हातात पुठ्ठ्याचा बोर्ड होता, ‘स्वागत’ आणि खाली कॉलेजचं नाव. बोर्ड मराठीत होता, कारण माझं अक्षर मराठीतच चांगलं येतं. तासभर चार उंच पोरं माझ्या शेजारी बॅगांवर बसून होती. शेवटी त्यातल्या एकानं माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं, “सर, हे कुणासाठी आहे?” मी म्हटलं, “मलावीहून मुलं यायची आहेत.” तो म्हणाला, “आम्हीपण त्यांचीच वाट बघतोय. आम्हीच ते.”

त्याचं नाव चिसोमो. पहिल्या वर्षाला आला तेव्हाच तो एखाद्या घरातल्या थोरल्या भावासारखा वागायचा. पुढं माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी तो शेवटच्या वर्षाला होता. आमचं बोलणं अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी असं चालायचं. इथं मी ते मराठीत देतोय, तेवढी माझी इंग्रजी झाकून जाईल.

पोरांना मेसमधली पोळी घशाखाली उतरेना. त्यांच्याकडं मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा खातात, भाजीबरोबर, हातानं. मी म्हटलं, एवढंच ना! माझं गाव पलूसजवळ. मका आमच्या रानातला. गावच्या गिरणीत पोतं नेलं तर गिरणीवाला म्हणाला, “आण्णा, भरड काढू का बारीक? म्हस कितव्या महिन्याची हाय?” मी म्हटलं, कॉलेजच्या मुलांना खायला पाहिजे. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की पुढचे सहा महिने गावात मी परदेशी पोरांना पेंड घालतो अशी बातमी होती. आणि पोरांनी तो गोळा शिजवला, चाखला, आणि चिसोमो फार अदबीनं म्हणाला, “अंकल सर, आमच्याकडं मका पांढरा असतो. पण हा पण मकाच आहे.” खाल्लं त्यांनी. तक्रार केली नाही. ही पोरं तक्रार फार करत नाहीत, हे मी तेव्हा कौतुकानं सगळ्यांना सांगायचो.

आता तक्रारीकडं येतो.

परदेशी विद्यार्थ्यांच्या कल्याणाची नियमावली असणं आवश्यक आहे असं एकदा पत्र आलं. मी एका मोठ्या कॉलेजच्या संकेतस्थळावरून त्यांची नियमावली उतरवून घेतली, नाव बदललं, छापली, बांधली. अकराव्या पानावर त्या कॉलेजचं नाव तसंच राहिलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण अकराव्या पानापर्यंत कुणी गेलंच नाही. त्यात मीही आलो. ती नियमावली जाडजूड आणि सपाट होती. तिच्यावर मी चहाचा कप ठेवायचो.

तक्रारी सोडवायची माझी स्वतःची पद्धत होती, आणि तिचा मला गर्व होता. आमच्या गावात मी पाच वर्षं तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष होतो. बांधाचा वाद, पाळीच्या पाण्याचा वाद, भावाभावांतली भिंत, सगळं आम्ही देवळापुढं बसून मिटवायचो. पद्धत साधी. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचं. प्रत्येकानं थोडं सोडायचं. समेटपत्रावर दोघांच्या सह्या, नारळ फोडायचा, चहा. आणि शेवटी मूळ अर्ज सगळ्यांसमोर फाडायचा. हे फाडणं फार महत्त्वाचं. कागद राहिला तर राग राहतो, असं आम्ही मानायचो. फाडला की टाळ्या. आमच्या वेशीवर बक्षिसाची पाटी लागली आहे, तिच्यात माझा बराच हात आहे.

तीच पद्धत मी कक्षात आणली. मेसवाल्याशी भांडण, समेट. रिक्षावाल्याशी बाचाबाची, समेट. रजिस्टरमध्ये एक ओळ, अर्ज फाडून टोपलीत, आणि महिनाअखेर संचालकांना अहवाल: प्रलंबित तक्रारी, निरंक. आमच्या कचेरीत काही नसेल तर शून्य लिहीत नाहीत, निरंक लिहितात. मला तो शब्द फार आवडायचा. बाकीच्या विभागांकडं ढिगानं प्रलंबित, आपलं निरंक. संचालक भर सभेत म्हणायचे, “हणमंतरावांकडून शिका.”

माझ्या नोकरीच्या त्या शेवटच्या वर्षी लिमबानी पहिल्या वर्षाला आला. चिसोमोच्याच गावचा, एकोणीस वर्षांचा, काटकुळा, सतत हसणारा. आठ दिवसांत ‘लय भारी’ शिकला आणि ते वाट्टेल तिथं वापरायचा. नोंदणीला गेलो तर पोलीस कार्यालयातल्या बाईंनी त्याला बोटांचे ठसे द्यायला लावले, तर म्हणाला, लय भारी. ताप आला म्हणून डॉक्टरकडं नेलं, सुई टोचली, लय भारी. त्याच्या आईनं तिकडून निघताना विमानतळावर त्याचा हात चिसोमोच्या हातात दिला होता. चिसोमोनं मला हे नंतर सांगितलं.

हॉस्टेल भरलं होतं म्हणून दोघांना मी कॉलेजजवळ सुभेदारांच्या घरात मागची खोली मिळवून दिली. सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले. घराभोवतीच्या विटांनासुद्धा चुना लावून रांगेत उभं केलेलं. खोली स्वच्छ, बाहेरून स्वतंत्र न्हाणी, न्हाणीत गॅसचा गीझर. न्हाणीला एक खिडकी होती, हातभर. ती शेजारच्या काकूंच्या परड्यात उघडायची.

दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एकाच आठवड्यात माझ्याकडं दोन तक्रारी आल्या.

पहिली काकूंची. त्या स्वतःच कचेरीत आल्या. “आवं भाऊसाहेब, सक्काळी तुळशीला पाणी घालाय जावं तर हे नळकांड्यावानी पोरगं खिडकीत डोकं काढून गाणं म्हणतंय! उगाड्या अंगानं! माझी पूजा व्हयाची का न्हाई?”

“देवाचं गाणं असतंय ते, काकू. त्यांच्या चर्चचं.”

“आसंल. माझ्या देवापुढं कशाला?”

दुसरी तक्रार चिसोमोची. लेखी, इंग्रजीत, वहीच्या पानावर, तीन ओळी. पहिल्या दोन ओळींत असं होतं की न्हाणीत गीझर चालू असताना दोघांचं डोकं दुखतं, पायांतलं बळ जातं. लिमबानी एकदा तिथंच खाली बसला. तर गीझर बाहेर बसवून मिळावा. तिसऱ्या ओळीकडं मी मागाहून येतो. तेव्हाही मी तसंच केलं होतं.

मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. दोन तक्रारी, पण न्हाणी एकच! एका बैठकीत दोन निकाल निघणार. रविवारी सकाळी सुभेदारांच्या पडवीत मी सतरंजी घातली, नारळ नेला, समेटाचं रजिस्टर नेलं. एका बाजूला काकू आणि सुभेदार, समोर दोन पोरं, मध्ये मी, पंच आणि दुभाषा. काकूंनी चिवडा आणला होता. भांडायला आलेल्या बाईनं चिवडा आणावा हे फक्त आमच्याकडंच होतं, आणि त्यामुळंच आम्हाला वाटतं की सगळं ठीक चाललंय.

गीझर बाहेर बसवायचा तर नळ फिरवावा लागणार, भिंत फोडावी लागणार. सुभेदार म्हणाले, “भाऊसाहेब, ते उन्हाळ्यात बघू. आत्ता गवंडी कुठनं आणू? आन् डोकं दुखतंय म्हंजे थंडी हाय. हिकडची हवा सोसत न्हाई ह्यांना. मी लेहला गेलो तवा माजंबी दुखायचं.”

“लेह म्हंजे उंचावर. हितं कुठं आलंय उंच?” काकू म्हणाल्या. सगळे हसले. लिमबानी सगळ्यांत जास्त हसला. त्याला अवाक्षर कळलं नव्हतं.

चिसोमो म्हणाला, “अंकल सर, डोकं फक्त न्हाणीतच दुखतं. बाहेर आलं की थांबतं.”

मी सुभेदारांना ते सांगितलं. ते म्हणाले, गरम पाण्यातनं एकदम गार हवेत आलं की तसंच होतं. मला ते पटलं. मला त्या सतरंजीवर प्रत्येकाचंच पटत असे, हाच माझा गुण होता.

मग मी निकाल दिला. काकूंचं समाधान: न्हाणीच्या खिडकीला प्लायची फळी ठोकायची. पोरांचं समाधान: सुभेदार सकाळी सातलाच गॅस बंद करायचे, ती अट काढून टाकायची, पाहिजे तेवढा वेळ गरम पाणी. सुभेदारांचं समाधान: भिंत फोडायची नाही. प्रत्येकानं थोडं सोडलं, प्रत्येकाला थोडं मिळालं.

“पण अंकल सर, खिडकी...” चिसोमो म्हणाला.

“खिडकीचं झालं. आता गरम पाण्याचं ऐक.”

“खिडकीचंच सांगतोय.”

“बाळा, काकू आईसारख्या आहेत. थोडं सोडावं लागतं. सही कर. सगळे थांबलेत.”

त्यानं पेन हातात घेतलं आणि विचारलं, “सही केली की तक्रार संपते?”

“संपली,” मी म्हटलं.

त्यानं एकदा सुभेदारांकडं बघितलं, एकदा काकूंकडं. त्यांच्या घरीही चार वडीलधारे बसले असताना पोरानं तिसऱ्यांदा बोलायचं नसतं, हेही त्यानं मला नंतर सांगितलं. त्यानं सही केली. मी तीन ओळींचा तो कागद उंच धरला, चार तुकडे केले, आणि टाळ्या सुरू केल्या. लिमबानीनं जोरात टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, लय भारी. रजिस्टरमध्ये मी लिहिलं: खिडकी व गरम पाणी, समेट. डोकेदुखी, हवामानबदल. दुपारी सुभेदारांनी फळी ठोकली. फौजी माणूस, चारी बाजूंनी पट्टी मारून ठोकली. सुईभर उजेड आत येईना.

महिनाअखेर निरंक.

सत्रपरीक्षेचा दिवस होता. पेपर दहाला. सव्वानऊला सुभेदारांचा फोन आला, “भाऊसाहेब, या. लगीच या.” आवाज असा होता की मला वाटलं काकूंशी पुन्हा जुंपली. मी समेटाचं रजिस्टर काखेत मारलं आणि निघालो.

न्हाणीचं दार मोडून पडलं होतं. नळ चालू होता, पाणी अजून गरम होतं, वाफ दारातून बाहेर येत होती. लिमबानीला अंगणात टॉवेल गुंडाळून निजवलं होतं आणि सुभेदार गुडघ्यांवर बसून त्याच्या छातीवर दाब देत होते, मोठ्यानं आकडे मोजत, फौजेत शिकवतात तसे. तीस झाले की पुन्हा एकपासून. काकू कुंपणापलीकडं तांब्या धरून उभ्या होत्या. चिसोमो आधी अंघोळ करून मेसला गेला होता. लिमबानीचा नाश्ता कागदात बांधून तो आला तेव्हा मी नुकताच पोचलो होतो. त्यानं ती पुडी खाली ठेवली नाही. गाडीत, दवाखान्यात, सगळीकडं ती त्याच्या हातात होती.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी तपासलं आणि मान हलवली. मग आम्हाला बाहेर बाकावर बसवून समजावून सांगितलं, मी ते तुम्हाला सांगतो, कारण सातारा-सांगलीत घरोघर हे गीझर आहेत. गॅस जळायला हवा लागते. न्हाणी बंद असेल तर हवा पुरत नाही, आणि अर्धवट जळून जो विषारी वायू तयार होतो त्याला रंग नसतो, वास नसतो. आधी डोकं दुखतं. मग पायांतलं बळ जातं. मग माणसाला दारापर्यंत जाता येत नाही.

“खिडकी नव्हती का न्हाणीला?” त्यांनी विचारलं.

“व्हती,” सुभेदार म्हणाले. ते सावधान उभे राहिले होते. “म्या बंद केली. फळी म्या ठोकली.”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी रजिस्टर ह्या काखेतून त्या काखेत घेतलं.

त्यानंतरचे नऊ दिवस मी आयुष्यातलं सर्वांत बिनचूक काम केलं. परदेशी माणसाचा मृतदेह घरी पाठवायला किती कागद लागतात ते तुम्हाला माहीत नसावं, आणि माहीत व्हायची वेळ येऊ नये. त्यांच्या वकिलातीचं पत्र, पोलिसांचा ना-हरकत दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल, देह टिकवल्याचं प्रमाणपत्र, पेटी सीलबंद केल्याचं प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट. एकही कागद परत आला नाही. एकाही अर्जात खाडाखोड नाही. मुंबईला पेटी विमानात चढेपर्यंत मी थांबलो. परत आलो तर संचालक म्हणाले, “कल्याण कक्षानं या प्रसंगी उत्तम काम केलं.” मी थँक्यू सर म्हटलं. म्हटलं खरंच.

चिसोमो माझ्याकडं आला तो त्यानंतरच्या सोमवारी. बसला नाही.

“अंकल सर, लिमबानीच्या आईचा फोन आला होता. ती विचारते, पोरगा मला फोनवर सांगत होता की डोकं दुखतं. तुला माहीत होतं का? मी म्हटलं, माहीत होतं. ती म्हणाली, मग तू काय केलंस?”

मी समोरच्या फायलीची दोरी बांधायला घेतली.

“मी सांगितलं की मी लिहून दिलं होतं. ती म्हणाली, कागद दाखव. गावात सगळे म्हणतायत की मी परीक्षेच्या नादात पोराकडं बघितलं नाही. तुमच्याकडं कागद नाही, मला माहीत आहे. पण तुम्ही वाचला होता. तेवढं लिहून द्या, की मी सांगितलं होतं. दुसरं काही नको.”

मी म्हटलं, चौकशी समिती बसणार आहे, तिथं सगळं नोंदवलं जाईल. तिथं मी सांगेन. त्यानं मान डोलावली. त्याला वाटलं ते झालंच.

समितीच्या आदल्या दुपारी संचालकांनी मला चहाला बोलावलं. रजिस्टर त्यांच्या टेबलावर उघडं होतं. “हणमंतराव, तुमची पद्धत कामाला आली बघा. तक्रार आली, आपण सोडवली, मुलाची सही आहे. यात गीझरचा शब्दसुद्धा नाही.” मग बिस्किटाची बशी माझ्याकडं सरकवत, “मूळ अर्जात काय होतं ते तुम्हाला आता कुठं आठवत असणार? इतके अर्ज येतात.” मग जरा वेळानं, “रिटायरमेंटला चारच महिने ना?”

समितीत तिघेजण होते. सुभेदारांनी सगळं सांगितलं. गीझर कधी बसवला, कुणी बसवला, फळीची जाडी किती. कुणी विचारलं नव्हतं तेही सांगितलं. काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “खिडकी मीच बंद कराय लावली.” मग माझी पाळी आली.

“विद्यार्थ्याच्या मूळ अर्जात गीझरचा किंवा त्यामुळं होणाऱ्या त्रासाचा उल्लेख होता का?”

चिसोमो समोर बसला होता. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, रजिस्टरमधली त्याची सही पुरली होती. त्याला मराठी येत नव्हती, पण तीन वर्षांत माणसाला काही शब्द येतातच. मी म्हटलं, “आठवत नाही.”

हे दोन शब्द त्याला येत होते. मेसवाला रोज म्हणायचा.

पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली होती, ती तशीच राहिली. समितीनं लिहिलं की तक्रार निवारण यंत्रणा कार्यरत होती. त्याच आठवड्यात मी ती जाड नियमावली पहिल्यांदा उघडली. अकराव्या पानावर, त्या दुसऱ्या कॉलेजचं नाव राहिलं होतं त्याच पानावर, लिहिलेलं होतं की जिवाच्या धोक्याबद्दलची तक्रार तडजोडीनं मिटवू नये, तक्रारदाराला समोरच्या बाजूसमोर बसवू नये, आणि मूळ अर्ज कोणत्याही कारणानं नष्ट करू नये. पानावर माझ्या कपाचा गोल डाग आरपार उतरला होता.

मी सुभेदारांकडं गेलो होतो एकदा. त्यांनी गीझर काढून टाकला होता. खोली भाड्यानं देणं बंद केलं होतं. आम्ही पडवीत बसलो, त्यांनी चहा विचारला नाही. तेवढ्यात कुंपणापलीकडं काकू दिसल्या, परड्यातली तुळस उचलत होत्या. पुढच्या दारी नेऊन ठेवायची म्हणाल्या. मी मदतीला गेलो. ती तुळस तेलाच्या पत्र्याच्या डब्यात होती. दोन माणसांनी उचलली की हलणारी. खरं तर एकानंही हलली असती. त्या सतरंजीवर आम्ही पाचजण बसलो होतो, आणि भिंत, नळ, गवंडी, गॅस, लेहची हवा, सगळ्यावर बोललो होतो.

“हे तवाच केलं आस्तं तर,” काकू म्हणाल्या.

कुणीतरी सुचवायला पाहिजे होतं, आणि सुचवायचं काम माझं होतं.

उन्हाळ्यात चिसोमोचा निकाल लागला. चांगला लागला. कॉलेज सोडताना विद्यार्थ्याला एक फॉर्म घेऊन फिरावं लागतं. ग्रंथालयाची सही, प्रयोगशाळेची सही, वसतिगृहाची सही. शेवटचा रकाना माझा: माझी कोणतीही तक्रार नाही, आणि खाली विद्यार्थ्याची सही. ती असल्याशिवाय दाखले मिळत नाहीत. हा रकाना मीच फॉर्ममध्ये घातला होता.

त्यानं फॉर्म माझ्यापुढं ठेवला. सगळीकडं सह्या होत्या. तेवढी जागा मोकळी होती.

“इथं तुझी सही पाहिजे, चिसोमो.”

“नाही, अंकल सर. ती जागा तुमची आहे. तुम्हाला आठवतं ते लिहा.”

बाहेर शिपाई पुढच्या पोराला आत सोडायच्या तयारीत होता. फॉर्म अडकला तर दाखले अडकणार, दाखले अडकले तर त्याचं तिकीट जाणार, असा मी विचार केला. म्हणजे मी पोराचं भलंच करत होतो. मी पेन उचललं आणि त्या मोकळ्या जागेत लिहिलं: निरंक.

त्याला तो शब्द वाचता आला नाही. “काय लिहिलंत?” त्यानं विचारलं.

“काम झालं,” मी म्हटलं.

त्यानं फॉर्म घेतला, घडी घातली, आणि थँक्यू, अंकल सर, म्हणाला. तो विचारत होता ते मी लिहिलं असं त्याला वाटलं, की मी काय लिहिलं असेल ते त्याला कळलं होतं, हे मला आजही ठाऊक नाही. त्याच महिन्यात मला शाल आणि नारळ देऊन निरोप दिला. नारळ घरी नेला. बायकोनं फोडायला घेतला, मी म्हटलं, राहू दे.

आता मी गावात असतो. अजूनही बांधाचं, पाण्याचं काही निघालं की माणसं येतात, “आण्णा, बसू या का एकदा?” मी जात नाही. लोकांना वाटतं शहरात राहून मला गर्व झाला.

लिमबानीच्या आईला मी पत्र लिहिलं आहे. त्यातली इंग्रजी सुनेनं सुधारून दिली. फाईलमधला पत्ता मला पाठ होता; पेटीवर मीच चिकटवला होता. पत्र गेलं, उत्तर आलेलं नाही, यावं अशी माझी योग्यता नाही. चिसोमोचा जुना नंबर लागत नाही. संपादकांनी नोकरीतल्या गमतीजमती लिहा म्हटलं, तेव्हा मी त्यातल्या दोन-तीन वर दिल्या आहेत. बाकीचं लिहायचं कारण एवढंच, की एका कागदाचे मी चार तुकडे करू शकलो. दिवाळी अंकाच्या प्रती फार निघतात, त्या माझ्या हातून फाटायच्या नाहीत.

मला आठवतं. तेव्हाही आठवत होतं. अर्ज असा होता:

एक. सकाळी न्हाणीत गीझर चालू असताना आम्हा दोघांचं डोकं दुखतं आणि पायांतलं बळ जातं.

दोन. लिमबानी एकदा तिथं खाली बसला, उठता येत नव्हतं. कृपा करून गीझर बाहेर बसवावा.

तीन. शेजारच्या आई खिडकी बंद करा म्हणतात, पण तोपर्यंत ती बंद करू नये, कारण खिडकी उघडी असली की आम्हाला काही होत नाही.

खाली चिसोमोची सही.

खरी नक्कल. अस्सल मी फाडलं.